चाळिशीत पहिल्यांदा कॉलेज: फीचे पैसे आणायचे कुठून?

प्रश्न असा आहे: "वय ४१. बारावी कॉमर्स २००२ साली झाली, मग लग्न, दोन मुलं. धायरीत एका वर्कशॉपमध्ये बिलिंग आणि हिशेबाचं काम बघते, हातात १८,००० येतात. मिस्टर साइटवर फरशी बसवतात. आमचं ओबीसी आहे. मालक म्हणतात, बीकॉम करा, अकाउंटंटची जागा देतो. मुलगा अकरावीला आहे, मुलगी आठवीला. जूनमध्ये प्रवेश घ्यायचा विचार आहे. माझ्या शिक्षणासाठी बँक कर्ज देईल का? या वयात शिष्यवृत्ती असते का? की सरळ सोनं मोडावं?"

ताई, सोनं आहे तिथे राहू द्या आणि कर्जाच्या फॉर्मलाही सध्या हात लावू नका. पुण्यातल्या एका कॉलेजात फी आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे माझी नोकरी झाली. मोठ्या वयात शिकायला आलेल्या बायका-पुरुषांचे फॉर्म पुष्कळ पाहिले. त्यातले बरेच जण पैसे कुठून आणायचे इथून सुरुवात करतात, आणि किती पैसे लागणार आहेत हे मात्र कुणी नीट काढलेलं नसतं. तुमच्या बाबतीत ती रक्कम तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप लहान निघू शकते. मात्र रस्ता नीट निवडायला हवा.

आधी वयाचं मिटवतो. बीए, बीकॉमच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. बारावी पास असणं पुरे, मग ती २००२ सालची असली तरी चालते. मधल्या वर्षांसाठी नियमित कॉलेजात गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, म्हणजे 'या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नव्हता' एवढंच लिहून द्यायचं. वय आडवं येतं ते दुसऱ्या ठिकाणी, काही योजनांत. उदाहरणार्थ, ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाच्या परताव्याची योजना १७ ते ३० वयाच्या अर्जदारांसाठी आहे. खासगी ट्रस्टच्या बहुतेक शिष्यवृत्त्याही नुकत्याच बारावी झालेल्या मुलांसाठी बेतलेल्या असतात. म्हणून कुठल्याही योजनेचं पत्रक हातात आलं की आधी वयाची ओळ शोधा, रकमेची नंतर.

आता रस्ते. पुण्यात नोकरी सांभाळून बीकॉम करायचं तर मुख्यतः दोन वाटा आहेत, मुक्त विद्यापीठ किंवा रात्र महाविद्यालय. दिवसाचं नियमित कॉलेज ही तिसरी वाट, आणि ती तुमच्यासाठी सगळ्यात महाग आहे. फी माफ झाली तरीसुद्धा. का ते सांगतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, विद्यार्थिनी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी हवी, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. बीबीए, बीसीएसुद्धा २०२४-२५ पासून सीईटी आणि कॅपमध्ये आले. हे ऐकून कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की बीकॉम कशाला करता, बीबीए करा, सरकार फुकट शिकवतंय. पण ते दिवसाचं कॉलेज आहे, ७५ टक्के हजेरी लागते आणि १८,००० ची नोकरी सोडावी लागते. वर्षाचे २ लाख १६ हजार, तीन वर्षांचे ६ लाख ४८ हजार. एवढी महाग 'फुकट' पदवी तुमच्या घराला परवडणारी नाही. तुमची मुलगी बारावी होईल तेव्हा मात्र हा निर्णय जपून ठेवलेला उपयोगी पडेल. तिच्यासाठी तो लाखमोलाचा आहे.

रात्र महाविद्यालय म्हणाल, तर बाजीराव रस्त्यावर सरस्वती मंदिर संस्थेचं आहे. कॉमर्स तिथे शिकवतात आणि विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारेच असतात. पुण्याला रात्रीच्या शाळांची सवय जुनी आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८५५ मध्ये इथेच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. समोर बसून शिकवणारा माणूस असला की हिशेबाचे विषय सोपे जातात, हा या वाटेचा मोठा फायदा. प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित एवढं विचारा, कारण एकाच इमारतीत एकाच बीकॉमची फी या एका शब्दाने कितीतरी पट बदलते. तुमची अडचण फीपेक्षा अंतराची वाटते. धायरीहून संध्याकाळी सिंहगड रस्त्याने शहरात यायचं आणि रात्री परत जायचं, तेही रोज. उड्डाणपूल झाला म्हणून तो रस्ता सुखाचा झाला असं तिथे राहणारं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. आठवीतली मुलगी घरी असताना हे तीन वर्षं जमेल का, हे घरात बसून ठरवा.

राहिलं मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये याच कामासाठी उभं राहिलं. त्याची अभ्यासकेंद्रं पुण्यातल्या अनेक कॉलेजांत आहेत, मार्गदर्शनाचे वर्ग बहुधा सुट्टीच्या दिवशी भरतात आणि बीकॉम मराठीतून करता येतं. इग्नूचं, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, विभागीय केंद्र पुण्यात आहे. तिथे जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश होतात आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीही मुक्त अध्ययन प्रशाला आहे. नाशिक असो की इग्नू, बीकॉमची वर्षाची फी चार आकड्यांत राहते. परीक्षेची फी त्याहून वेगळी धरा. तुमच्या पगारात महिन्याला हजार रुपये बाजूला पडले तरी हा खर्च निघतो. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हीच वाट.

मालकांना 'बाहेरून केलेली' डिग्री चालेल का अशी शंका असेल, तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमातच आहे. फक्त विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची, म्हणजे डेबची, परवानगी हवी. ती यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर बघता येते. आता प्रवेशाआधी स्वतःचा डेब आयडीही काढावा लागतो आणि तो फुकट निघतो. रिक्षांच्या मागे आणि विजेच्या खांबांवर 'एका वर्षात पदवी, परीक्षेची हमी' असं लिहिलेलं असतं ना, तिकडे फिरकूसुद्धा नका. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देणारा माणूस तुम्हाला कागद देईल, पदवी देणार नाही. तुमच्यासारख्या कुणाची बारावीच राहिली असेल, तर आधी राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करावी आणि मगच पदवीकडे वळावं. बारावी ओलांडून पुढची पदवी देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

आता तुमच्या प्रश्नातली जी ओळ वाचून मी थांबलो, ती म्हणजे मिस्टर फरशी बसवतात. त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? नसेल तर तुमच्या फीच्या कामातलं सगळ्यात मोठं काम हेच. १८ ते ६० वयाच्या आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची तिथे नोंदणी होते. फरशी, रंग, प्लंबिंग, वायरिंग हे सगळं बांधकामात येतं. मंडळाच्या शैक्षणिक योजनांत नोंदणीकृत कामगाराच्या दोन मुलांना किंवा पत्नीला पदवीच्या प्रत्येक वर्षासाठी २०,००० रुपये मिळतात. 'पत्नीला' हा शब्द योजनेत छापलेला आहे, पण त्याचा फायदा घेताना मी फार थोड्या बायका पाहिल्या. मुलांसाठी सगळे धावतात. आपलं नाव त्यात आहे हे बायकांना कुणी सांगतच नाही.

ही रक्कम मुक्त विद्यापीठाच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त आहे, म्हणून इथे नीट लक्ष द्या. नोंदणी जिवंत हवी, तिचं दरवर्षी नूतनीकरण होतं आणि दर वेळी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडून किंवा महापालिका, ग्रामपंचायत यांच्याकडून घ्यायचा असतो. ठेकेदार लोक सहीला टाळाटाळ करतात, तेव्हा मिस्टरांना आत्तापासूनच पाठीमागे लागायला सांगा. नोंदणीची फी १ रुपया आहे. एजंट दोन-दोन हजार उकळतात, ते द्यायचं कारण नाही. ऑनलाइन अर्ज स्वतः भरता येतो, नाहीतर मंडळाच्या सुविधा केंद्रात जा. अर्जाला पत्नीच्या प्रवेशाची पावती, बोनाफाइड, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, रेशनकार्ड आणि कामगाराचं ओळखपत्र तयार ठेवा. प्रवेश घेण्याआधी सुविधा केंद्रात विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव घेऊन विचारा की या प्रवेशावर अर्ज घेणार का. तोंडी 'हो हो' पुरत नाही, शक्य असेल तर अर्जाच्या प्रतीवर शेरा मारून घ्या. आणि मुलगा दोन वर्षांत कॉलेजात जाणार, तेव्हा ही सवलत कुणाच्या नावाने कधी घ्यायची याचा हिशेब घरात आधीच मांडा. इंजिनिअरिंगसाठी याच मंडळाची रक्कम वर्षाला ६०,००० आहे. मुलगा तिकडे जाणार असेल तर त्याच्या वाट्याला धक्का लावू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. हे पैसे मागाहून येतात, तेही मिस्टरांच्या खात्यात. फी आधी तुम्हाला खिशातून भरायची आहे. मंडळ पैसे देणार म्हणून उसनवारी करून फी भरली आणि मग पैसे यायला पुढचं वर्ष उजाडलं, असं होत असतं. तेव्हा पहिल्या वर्षाची फी तुमच्या बचतीतून जाईल असंच धरून चाला, आणि मंडळाचे आले की ते दुसऱ्या वर्षाच्या नावाने बाजूला टाका.

दुसरी जागा तुमच्या स्वतःच्या पगाराच्या पावतीत आहे. जून आणि डिसेंबरची पावती काढून बघा. 'एलडब्ल्यूएफ' किंवा 'कामगार कल्याण निधी' अशा नावाने थोडे रुपये कापलेले दिसतील. पाच किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना हा निधी भरावा लागतो. तो महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो (बांधकाम मंडळ वेगळं आणि हे वेगळं, दोन्हींची गल्लत फार होते). या मंडळाच्या योजनांत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना शिष्यवृत्ती आहे, एमएस-सीआयटीलाही मदत आहे. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन अर्जाच्या तारखा विचारा. पावतीत कपातच दिसत नसेल तर मालकांना सांभाळून विचारा. लहान वर्कशॉपमध्ये बरेचदा भरायचं राहून गेलेलं असतं, आणि आपण होऊन विचारणारा कामगार विरळाच.

राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलचं, महाडीबीटीचं काय, असं तुम्ही विचारालच. त्या पोर्टलवरच्या बहुतेक योजना नियमित, पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी आहेत. तुम्ही मुक्त विद्यापीठात गेलात तर तिथून फार काही हाती लागणार नाही, रात्र महाविद्यालयात नियमित प्रवेश घेतलात तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जरूर विचारा. अनुसूचित जातीच्या वाचकांसाठी मात्र वेगळं सांगतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मिळते, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे फीमाफीचा, मार्ग बघायचा. त्यांनी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात एक चक्कर मारल्याशिवाय खिशातून फी भरू नये.

ओबीसीचा दाखला काढताना लग्न झालेल्या बायकांचा एक गोंधळ ठरलेला. जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या कागदांवरून निघतो. नॉन-क्रिमीलेअरलाही आईवडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत. पण शिष्यवृत्तीसाठी 'कुटुंबाचं उत्पन्न' म्हणून जो तहसीलदारांचा दाखला लागतो, त्यात नवऱ्याचं उत्पन्न येतं. एकाच बाईसाठी एका कागदावर बाप आणि दुसऱ्यावर नवरा. ई-सेवा केंद्रातली मुलं हे दोन्ही एकाच पद्धतीने भरतात आणि अर्ज परत येतो. समोर बसून भरून घ्या.

आणि नाव. मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींचे सगळ्यात जास्त अर्ज कशाने अडकतात असं मला विचाराल तर मी नाव सांगेन. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, त्यात वडिलांचं नाव मधे. आधारवर सासरचं. बँकेत कधी तिसरंच, कारण लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं. पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे, पोर्टलला कळत नाही. खिडकीवर एक विद्यार्थिनी यायच्या, त्यांच्या गुणपत्रिकेवर 'सुनिता' आणि आधारवर 'सुनीता' होतं. एवढ्या एका वेलांटीसाठी अर्ज दोन वेळा परत आला. तुम्ही प्रवेशाच्या आधी सगळे कागद जेवणाच्या पाटावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर सिंहगड रस्ता क्षेत्रीय कार्यालयातून काढून घ्या, तो माहेर-सासरच्या नावांना जोडतो आणि बांधकाम मंडळाच्या अर्जालाही हाताशी असलेला बरा. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात नाव छापून घ्यावं लागेल, त्याला वेळ लागतो. प्रवेश बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानेच होऊ द्या, म्हणजे पदवी आणि गुणपत्रिका एका नावाच्या राहतील. बँक खातं आधारशी 'सीड' झालेलं आहे का ते बँकेत विचारा. खात्याला आधार नुसता जोडलेला असणं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकींचे पैसे गावाकडच्या कुठल्यातरी जुन्या जनधन खात्यात जाऊन पडलेले असतात.

कर्जाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारला होता, म्हणून त्याचंही उत्तर देतो. बँका शैक्षणिक कर्ज देतात, ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. लग्न झालेल्या विद्यार्थ्याला सहकर्जदार म्हणून नवरा किंवा बायको चालते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात आणि फेडायला १५ वर्षांपर्यंत मिळू शकतात. हे ऐकायला बरं वाटतं. पण तुमच्या वयात ही बेरीज करून बघा: ४१ अधिक ३, अधिक १, अधिक १५. साठ. कर्ज फिटेल त्या महिन्यात तुम्ही निवृत्त व्हाल.

समजा एखाद्याने वर्षाला १ लाख याप्रमाणे तीन वर्षं कर्ज उचललं, व्याज १० टक्के. पहिला हप्ता सुरू होईपर्यंत व्याजाचेच सुमारे ९०,००० चढलेले असतात. मग ३ लाख ९० हजार पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,३०० रुपये. बीकॉमनंतर तुमचा पगार तेवढा वाढला तर ठीक, नाही वाढला तर काय? वकिली, नर्सिंग, बीएड अशा ज्या शिक्षणाने धंदा किंवा नोकरी थेट बदलते आणि फी खरंच लाखांत असते, तिथे मोठ्या वयातही मी कर्जाला हो म्हणतो. अट एकच, शिकत असतानाच व्याज भरत जावं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला ८३३ रुपये होतं, म्हणजे झेपण्यासारखं आहे. चार आकडी फीच्या बीकॉमसाठी बँकेची पायरी चढण्यात अर्थ नाही. पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेची जाहिरात तुम्ही पाहिली असेल, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. ती निवडक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्यांसाठी आहे.

तुमचं कर्ज तुमच्या मुलासाठी राखून ठेवा. जूनमध्ये तुम्ही पहिल्या वर्षाला जाल तेव्हा तो बारावीत असेल. तुमच्या दुसऱ्या वर्षी त्याचा कॉलेजचा प्रवेश येईल आणि त्याच वर्षी मुलगी दहावीला असेल. घराचं गाडं अडेल ते त्या वर्षी. तेव्हा त्याच्या कर्जाला सहकर्जदार तुम्ही किंवा मिस्टर असाल आणि बँक तुमचंच सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, काढून बघेल. आज मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेलं दहा-वीस हजारांचं कर्ज एखाद्या महिन्यात थकलं तर त्याची झळ दोन वर्षांनी मुलाला बसते. पैसे अगदीच कमी पडले तर बचत गट बघा, नाहीतर मालकांकडून पगारातून वळते होतील असे उचला. भिशी असेल तर प्रवेशाच्या महिन्याचा नंबर मागून घ्या. दुसरं वर्ष फारच जड जाणार असं दिसलं तर एखादं सत्र थांबलात तरी चालतं. केलेल्या विषयांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आता 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात जमा राहतात.

पीएफ काढायचा विचार असेल तर सोडून द्या. जुन्या नियमात शिक्षणासाठीची उचल मुलांच्या शिक्षणासाठी असायची. पण नियम कसेही सैल झाले, तरी चाळिशीनंतर पीएफला हात लावून भरावी एवढी तुमची फी नाही. आयकराचं तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी कर भरत असेल तर सांगून ठेवतो. सगळे ८०सी म्हणतात त्या आयकराच्या कलमात ट्यूशन फीची वजावट मुलांच्या फीची मिळते, स्वतःच्या फीची मिळत नाही. स्वतःसाठी काढलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची मिळते, सगळे अजून ८०ई म्हणतात ती. तीही फक्त जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षं.

फीच्या बाहेरचा खर्च कुणी धरत नाही, तो धरा. परीक्षेच्या दिवसांची रजा बिनपगारी झाली तर दर पेपरामागे ६०० रुपये गेले समजा, कारण तुमचा रोज तेवढा पडतो. म्हणून मालकांशी बोलताना पगारवाढीच्या आधी परीक्षेची पगारी रजा मागा. 'बीकॉम करा' हे त्यांनीच म्हटलंय, तेव्हा निम्मी फी त्यांनी भरावी असंही विचारायला हरकत नाही. बदल्यात दोन वर्षं नोकरी न सोडण्याचं लिहून मागितलं तर द्या, तीन वर्षांचं मागितलं तर विचार करा. आणि अकाउंटंटच्या जागेचं आश्वासन चार ओळींत कागदावर घ्या, पगाराच्या आकड्यासकट. पुस्तकं नवी घेऊ नका. विद्यापीठाचं अध्ययन साहित्य असतंच. वरचं काही लागलं तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं निम्म्याने मिळतात, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना ते बघून घ्या.

क्लासवाल्यांचं एक सांगायचं राहिलं. बीकॉमसोबत टॅली, जीएसटी, 'नोकरीची हमी' असं पॅकेज गळ्यात मारतात आणि फी 'बिनव्याजी हप्त्यांत' म्हणतात. टॅबवर अंगठा किंवा ओटीपी घेतात. तो हप्ता क्लासचा नसतो, कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सोडला किंवा बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो. तुम्ही रोज बिलिंग करता, टॅली तुम्हाला त्या शिकवणाऱ्या मुलांपेक्षा कदाचित जास्त येत असेल. अडलं तर फक्त कॉस्टिंग आणि प्रगत हिशेबासाठी शिकवणी लावा, तीही त्या त्या सत्रापुरती.

प्रवेशाची फी विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः भरा आणि पावती लगेच उतरवून घ्या. अभ्यासकेंद्रात कुणी 'इतर शुल्क' म्हणून रोख मागितलं तर पावती मागा. पावती नसेल तर पैसे देऊ नका. नियमित किंवा रात्र महाविद्यालयात प्रवेश घेऊन विचार बदललात, तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे फी परत मिळते. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलात तर जवळपास पूर्ण, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत निम्मी, आणि पुढे काही नाही. मूळ कागदपत्रं पडताळून लगेच परत द्यायची असतात, 'फी पूर्ण भरल्यावर देऊ' म्हणून कॉलेजला ती ठेवून घेता येत नाहीत. तुमची २००२ ची मूळ गुणपत्रिका आता मिळायला अवघड आहे, ती सोडून कुठेही घरी परतू नका.

जूनची वाट न बघता या महिन्यात मिस्टरांच्या नोंदणीचं आणि नावांचं काम काढा. पोर्टल सुरू झाल्यावर ई-सेवा केंद्राबाहेर जी रांग लागते, त्यात तुमची एका दिवसाची हजेरी बुडते.